कागदाखालचं नाव

इंग्लंडमधल्या विगनमध्ये जुन्या सोल संगीताच्या रेकॉर्डचा बाजार भरला होता. दार अजून उघडायचं होतं म्हणून बाहेर रांग. म्युरिएलच्या पुढे दोन म्हातारे उभे होते: नॉरिस, एके काळी नाचाच्या हॉलात रेकॉर्ड लावणारा, आणि त्याचा मित्र डेस्मंड.

“आज लेनी व्हॅन्सची रेकॉर्ड मिळाली तर दोनशे पौंड मोजीन.”

“शेहेचाळीस वर्षं हेच ऐकतोय, डेस्मंड.”

“दुर्मिळच आहे ती! तुझ्याशिवाय कुणाकडे होती?”

“लेनी व्हॅन्स नावाचा माणूसच नाही रे. गाणं खरं कुणाचं याचा दुसऱ्या हॉलवाल्यांना पत्ता लागू नये म्हणून मी लेबलावर कागद चिकटवला आणि मनाला येईल ते नाव लिहिलं. सगळेच करायचे तसं.”

“मग खरं नाव?”

“आत खोक्याखोक्यात सापडेल. पन्नास पेन्सला.”

“आणि हे आज सांगतोस, लेका?”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू हॉलभर बोंबलला असतास. नंतर तू आणि आयलीन इतक्या हौसेने शोधायला लागलात, की माझी जीभच रेटेना.”

“त्याच गाण्यावर ती पहिल्यांदा माझ्याबरोबर नाचली. शेवटपर्यंत विचारायची, सापडला का तुझा लेनी?”

“म्हणून तर घेऊन आलोय. ही बघ. थांब, कागद सोलतो.”

“खबरदार नख लावलंस तर!”

“अरे, पन्नास पेन्सची रेकॉर्ड ती!”

“खालची असेल. कागदासकट जगात एकच आहे. बोल, किती घेशील?”

दार उघडलं, पुढची रांग आत गेली. दोघं जागचे हलले नाहीत, आणि म्युरिएलनेही त्यांना ओलांडलं नाही.