दोघं राजी असाल तर

वकिलांचे शब्द मला बरोबर आठवतात की नाही, शंकाच आहे. वाटूरच्या माझ्या भाचीला घटस्फोटाचा खर्च विचारायचा होता, म्हणून मीच तिला जालन्याला घेऊन गेलो होतो.

वकील म्हणाले, "दोघं राजी असाल तर एकच वकील पुरतो, खर्च कमी. भांडलात तर वर्षं जातील."

भाची हसली. "साहेब, आमचं साध्या भाजीवर कधी जमलं न्हाई, अन् यावर जमंल का? मामा, तुम्हीच सांगा."

मीही जमायचं नाही म्हणालो. दावा लागला. तारखांमागे तिच्या पाटल्या गेल्या.

निकालानंतर काही वर्षांनी तिचा पूर्वीचा नवरा परतूरच्या स्टँडवर भेटला. तेव्हा राजीखुशीनं सुटायला तयार झाला असतात का, असं मी भीत भीत विचारलं.

तो म्हणाला, "मामा, मी पहिल्या दिवसापासून राजी व्हतो. कुणी इचारलंच न्हाई."