खाऱ्या पदराची झडती

उदगीरच्या दुरुस्तीच्या दुकानात जाहिदा मिक्सर मांडीवर घेऊन नंबराला बसली होती. तिच्या पुढं म्हातारी साखराबाई दुकानदार वकारशी भांडत होती. दोघांच्या मधी धातू शोधायची मशीन.

"तुझी मशीन बिघडलेली हाय. माझ्या पोरानं, बजरंगनं तुझ्याकडून कोकणात नेली. समुद्रात सुनेचं मंगळसूत्र पडलं, तर वल्ल्या वाळूत जिथं धरावं तिथं ही बोंबलायली."

"कोरड्या वाळूत?"

"तिथं गप."

"मग खराबी न्हाई, मावशी. खारं पाणी लागलं की उगंच वाजती. तिथं हे बटन कमी करायचं असतंय. बघा."

वकारनं बादलीत मूठभर मीठ विरघळवलं, फडकं बुडवलं आणि मशीनखाली धरलं. मशीन कोकलली.

"नुसत्या फडक्याला वाजली?"

"खाऱ्या पाण्यानं वल्लं हाय ना."

"सुनेच्या पदराला बी अशीच वाजली रे."

"मग?"

"चोरून ठेवलं म्हणलं मी. चारचौघांत झडती घेतली तिची."

"सापडलं?"

"न्हाई. तवापासून माहेरी हाय ती."

"आता आणा की तिला."

जाहिदानं मान वर केली. साखराबाई फडकं पिळत होती, पार कोरडं होईस्तोवर.

"बजरंग येईल उद्या इचारायला. मशीन चांगली हाय, एवढंच सांग. मिठाची गोष्ट काढू नको."