भरवशाचं सॉफ्टवेअर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं. काका दुकानदारावर तापले होते.

"तुम्ही बसवलेलं बॅकअप बोगस निघालं. आता भरवशाचं द्या."

"गेलं काय, काका?"

"मुलीचे फोटो, जन्मापासूनचे. कॉम्प्युटरवर नाहीत, बाहेरच्या डिस्कवरही नाहीत."

"कोणीतरी पुसले असणार."

"मीच पुसले. आम्हाला न विचारता लग्न केलं तिनं. पण डिस्कवर दुसरी प्रत आहे म्हणूनच पुसले ना!"

"रागावतानासुद्धा मागची सोय बघून रागावतात हो हे," काकू म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस."

"काका, डिस्क कॉम्प्युटरशी तंतोतंत जुळली पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात. तुम्ही इकडे पुसलं, त्यानं तिकडेही पुसलं."

"एका शब्दानं विचारायचं नाही?"

"सांगितलेलं मुकाट्यानं करतं ते."

"माझ्यासारखंच की. तिचं नाव काढायचं नाही म्हणाले, मीही काढलं नाही."

"अगं, लोक ऐकताहेत."

"आणि आता कशाला हवेत फोटो, काका?"

"मुलगी झालीय म्हणे तिला."

"पुसलेलंही जपून ठेवणारं सॉफ्टवेअर मिळतं. पण ते इथून पुढचं जपेल."

"मग जुन्या फोटोंचं काय?"

"मुलीकडे असतील की. एक फोन करा, लगेच पाठवेल."

"नंबर पाठ आहे मला."

"तू गप्प बस. अहो, ते सोडून दुसरा काही उपाय असेल तर सांगा."