टांगा हाकला, इतिहास नाही

...अन् मी कायले हो म्हटलं जी? सांगा नं मले, कायले हो म्हटलं! आमच्या वरठीच्या विहारात वाचनालय हाय, ते पाहणारे प्रफुल्ल सर घरी आले, "जय भीम, बाबुलालकाका! इतवारी तुमचं भाषण ठेवलं. विषय, घोडागाडीचा इतिहास. तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत राहीन?" मी खुशीत मान हलवली. सर गेले अन् मंग ध्यानात आलं! तुमाले सांगतो, बावीस वर्ष मी वरठी स्टेशन ते भंडारा सवारी नेली. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्याच साली घोडी मेली, टांगा बंद. पण टांगा हाकला हो मी, इतिहास कुठं हाकला!

मंग घेतला मोबाईल. आठ दिवस, बाप्पा, आठ दिवस! एक व्हिडिओ लावला, तर एक गोरा साहेब बग्गीच्या चाकाजवळ उभा राहून अर्धा तास इंग्रजीत बोलला. मले चाक समजलं, साहेब नाही समजला. दुसरा लावला, इजिप्तचा रथ. रथ धावाले निघाला का मधातच केसाच्या तेलाची जाहिरात! विलायतेच्या म्युझियमची साईट उघडली, तिथं बोट फिरवलं का बग्गी गरगर फिरे, अन् माह्यं डोकंही. एक वाचून संपवावं, तर खाली निळ्या अक्षरात आणखी दहा! वहीची चाळीस पानं भरली. माही बायको वच्छला म्हणे, "अजी, बावीस वर्ष लगाम धरला, अन् आता त्या डब्ब्यात काय शोधून राहिले?" म्हटलं, "तुले नाही समजत! कोणी इचारलं, पहिली बग्गी कोणं बनवली, तर? टांगा हाकला मी, इतिहास नाही हाकला!" एकच चिंता... विहारात सारं गाव बसन, सरायची मान खाली जाईन, अन् लोक म्हणतीन, बाबुलाल नुसता नावाचाच टांगेवाला होता.

इतवार आला. वही उघडली अन् वाचाले लागलो. "हंगेरी देशात कोच नावाचं गाव हाय, तिथची गाडी साऱ्या दुनियेत..." माही जुनी सवारी केवळराम समोरच बसला होता, तो म्हणे, "हंगेरी आपल्या मोहाडीच्या इकडे का तिकडे?" मी पान उलटवलं. बाया जांभया देऊन राहिल्या. केवळराम उठलाच, "ते सोड. तुह्या घोडीचं नाव काय होतं गा?"

अन् तुमाले सांगतो... मी वहीत पाहाले लागलो! इजिप्त पाहिलं, विलायत पाहिली, हंगेरी पुन्हा पाहिली... बावीस वर्ष जिच्या मागं बसलो, तिचं नाव मी वहीत शोधून राहिलो! डोकं कोरं. डोळ्यात पाणीच आलं हो.

मागून वच्छला ओरडली, "चांदणी! रोज मोपेडले किक मारताना 'चाल चांदणी' म्हणता, अन् इथं इसरले काय?"

सारा विहार हासला. मंग दीड तास चांदणीच! भाजीवालीच्या टोपल्यात तोंड कशी घाले, रेल्वेचं फाटक बंद दिसलं का आपणच कशी थांबे... वही तशीच राहिली.

ते ठीक झालं जी. पण आता मी मोपेड काढली का सारी गल्ली दारात उभी, नाव आयकाले! लाज वाटते. म्हणून काल नाव न घेता किक मारली. मारली, मारली, बारा वेळा मारली... सुरूच नाही झाली! आता याचं कारण मी कोणत्या साईटवर पाहू?