कय्यूमच्या गाण्याला ड्रमवाला

देऊळगाव राजाच्या स्टँडवर संजीवनी जालन्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे एकाच मोबाईलला कान लावून बसले होते. आत गिटार कडाडत होती. गाणं संपलं, तरी संजीवनीचे कान तिकडंच राहिले.

"सांग न बे, उकंडराव. आपला रॉक बँड मोडल्यावर आता कुठं अल्बम केला म्या. बाहेर काढू का नको?"

"कय्यूम, आवाज फाटला तुहा."

"सत्तरीत फाटनच ना! मंग पुसून टाकू?"

"काऊन? जवानीत तू नुसता वरडे. आता गाऊन राह्यला."

"खरं?"

"हाव. पण ड्रम कोनं वाजवला? जीवच नाही त्यात."

"मशीननं. तू ड्रम इकला असं आयकलं होतं."

"ड्रम इकला, हात नाही इकले! स्टुडिओ कुठं हाय?"

"जालन्याले."

"मंग चाल, गाडी लागली."

संजीवनी चढली. मागोमाग ते दोघंही चढले. तिनं सरकून उकंडरावांना जागा दिली.

"अबे, पण तुले बुलढाण्याले डॉक्टरले गुडघा दाखवाचा होता ना?"

"तो डावा हाय. ड्रमचा मोठा ठोका उजव्या पायानं पडते."