कुटारातली सीताफळं

तुम्ही सीताफळं पिकलेलीच विकत आणता, म्हणून आमच्या घरातली धाकधूक तुम्हाला कळायची नाही. शेलूबाजारजवळ आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीताफळाची दोन झाडं आहेत. फळांचे डोळे उघडले की आई ती उतरवून टोपलीत कुटाराच्या भुशाखाली पिकायला ठेवायची आणि सगळ्यांना बजावायची, “मी सांगतपर्यंत कोनी हात लावाचा नाही.”

पण येता-जाता प्रत्येकाचा हात कुटारात जायचाच. पिकलं का म्हणून फळ दाबून बघायचं आणि गुपचूप परत झाकायचं. एकदा आईनं टोपली उघडली, तर निम्मी फळं काळी पडलेली, वर आंगठ्याच्या खुणा.

“कोनं दाबले हे?”

आम्ही दोघा भावांनी हात पाठीमागे लपवले. बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “उंदरानं दाबले असतीन.”

“उंदराले आंगठा कधीपासून फुटला?”

आता आम्ही दोघंही पुण्यात. बाबा राहिले नाहीत. परवा आईचा फोन आला.

“औंदा सारेच मस्त पिकले. एकही काळं नाही पडलं.”

“मंग चांगलंच झालं ना, आई.”

“काय चांगलं? दाबायले कोनीच नाही घरात.”