फॉर्मवरचं नाव

हसू नका, पण त्या फॉर्मवर समुपदेशकाच्या नावाची जागा मी अजून कोरीच ठेवली आहे.

माणूस बरा होतो तो उपचारानं की समुपदेशकावरच्या विश्वासानं, यावर आमच्या सरांचं लातुरात संशोधन चालू आहे. समुपदेशक मॅडमबरोबरची भेट संपली की पेशंटला प्रश्न वाचून दाखवायचे आणि उत्तरं फॉर्मवर भरायची, हे माझं काम. मधले तीन आठवडे मी नांदेडला होते. परत आले तेव्हा किल्लारीचे दगडूमामा नुकतेच मॅडमच्या खोलीतून बाहेर येऊन बाकावर बसले होते. भूकंपानंतर हा माणूस कधी छताखाली झोपलेला नाही.

"मॅडम तुमचं ऐकून घेतात का?"

"हाव."

"मध्येच तोडतात?"

"न्हाई. आता तर निस्त्या ऐकत्यात."

"फरक पडला?"

"लई. चार दिस झाले, रातचं घरात झोपायलोय."

सगळ्या प्रश्नांना पूर्ण मार्क. मी खुशीत शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडमचं ऑपरेशन झालंय ना. तीन हप्ते रजेवर हायत. मामा तरी दर गुरुवारी येतेत, म्हणून मी खोली उघडून देतो."

मी मामांकडं वळले. "मामा, मॅडम तर रजेवर आहेत."

"ठावं हाय की. ह्या दुसऱ्या हायत."

आमच्याकडं दुसरं कुणी नाही. तरी मी कशीबशी म्हणाले, "फॉर्मवर त्यांचं नाव लिहावं लागतं."

मामा उठले आणि बंद दाराकडं निघाले. "थांबा, हायत अजून आत. इचारून येतो."